गणिताची कुस्ती

परवा एका बारशाला गेले होते. पाळण्याशेजारी चार बाया बसलेल्या आणि त्यातली एक शहाणी सांगत होती, "जया नर्सबाई शिकल्या त्या वडलांच्या मर्जीनं. हैबतराव मोठ्या मनाचे, म्हणून पोरीला शिकवलं." माझ्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. मर्जीनं? अगं बये, तू तेव्हा जन्माला तरी आली होतीस का? मी चंद्रा, जयाच्या शेजारी एका बाकावर बसलेली. अख्ख्या वर्गात पोरी दोनच, ती आणि मी. बारशात मी तोंड आवरलं, पण ते काही मला पचेना. म्हणून आता सगळं सांगते, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही.

जयाला आमच्या खोऱ्यात कोण ओळखत नाही! निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मली. अवेळी कुणी बोलवायला आलं की वहाणा घालता घालता शिव्या द्यायची, "नऊ महिने झोपला व्हता का रं?" म्हणायची, आणि शिव्या देत देतच निघायची. ती सहा-सात वर्षांची असताना तिची आई, सगुणाकाकू, बाळंतपणात अडली होती. पौडहून बैलगाडीतून नर्सबाई आल्या आणि त्यांनी आईला वाचवलं. तेव्हापासून या पोरीच्या डोक्यात एकच, मला नर्स व्हायचंय. त्याला मॅट्रिक लागायचं. म्हणजे अकरावी. आणि त्या काळात आमच्याकडं पोरीनं अकरावीपर्यंत जायचं म्हणजे काय, हे आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही.

आमचं गाव आडवली, पौडच्या पुढं, डोंगराला लागून. पुण्याला जायचं तर पिरंगुटचा घाट ओलांडायचा, आणि एस.टी. दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात असेल तर. एकोणीसशे अठ्ठावन्नची गोष्ट असेल. आठवीपासून पुढची शाळा गावात नुकतीच निघाली होती. इमारत कसली, भैरवनाथाच्या देवळामागची धर्मशाळा. गणिताला जयसिंग मास्तर. साताऱ्याकडचा तरणा माणूस, मनानं सरळ, पण हातात कायम निरगुडीचा फोक. गणित चुकलं की हातावर, पुन्हा चुकलं की पोटऱ्यांवर. फोकानं गणित येत असतं तर आमच्या गावची बैलं मॅट्रिक झाली असती! पोरं गणिताच्या तासाला डोंगरात पळायची, सापडली की मार खायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायची. आठवीच्या निकालात गणितात निम्मा वर्ग आडवा झाला. तपासणीला आलेल्या साहेबांनी मास्तरांना चार माणसांत झाडलं. कसंबसं सगळ्यांना नववीत ढकललं, आणि मग देवळात गावाची बैठक बसली.

बैठकीत पुढं हैबतराव, जयाचे वडील. नदीकाठची चांगली जमीन, गावच्या तालमीचे वस्ताद, आणि जत्रेतल्या कुस्त्यांचे मोठे पंच. आमच्या मुळशीत कुस्तीचं किती वेड, ते मी सांगायला नको. देवाला नारळ चुकेल, पण आखाड्याला चुकायचा नाही. हैबतराव माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं.

ते म्हणाले, "मास्तर, तुमी पोरांना नुसतं मारताय, लढवत न्हाई. आमची पोरं माराला भीत न्हाईत, हरायला भित्यात. जोड लावा."

"जोड?" मास्तरांना काही कळेना.

"आखाड्यात लावतो तशी. बरोबरीच्याला बरोबरीचा. दिवाळीच्या परीक्षेत ज्यांचे गुण सारखे, त्येंची जोड. वार्षिक परीक्षा हीच कुस्ती. निकाल जत्रंत, भर आखाड्यात वाचायचा. जिंकला त्येला फेटा आन नारळ. हरला त्येनं पावसापातुर तालमीची माती खनायची."

बैठक खूश! जो तो मान हलवतोय. मास्तरांचं तोंड मात्र कडू झालं होतं. पण फोक वापरून त्यांचे हात दुखले होते आणि निकाल तर समोर होता. ते म्हणाले, "बघू करून." मग हळूच विचारलं, "आणि मुलींचं काय करायचं?"

सगळी बैठक हसली. हैबतराव तर डोळे पुसून हसले. "पोरींची कुटं कुस्ती असती व्हय मास्तर?"

झालं. आम्हा दोघींना जोड नाही, बक्षीस नाही, शिक्षा नाही. मला, खरं सांगते, बरंच वाटलं. माती खणायची भानगड नाही, आणि फेटा घेऊन मी काय डोंबल करणार होते? जयानं मात्र घरी जाताना वाटेतल्या दगडाला अशी लाथ मारली की अंगठा फुटला.

पहिला महिनाभर काय अभ्यास हो! ओसरी-ओसरीवर कंदील, पाढ्यांचा नुसता गजर. मास्तर हरखून गेले. पण आमची पोरं आखाड्यात वाढलेली. आखाड्यातले सगळे डाव त्यांना ठाऊक, मातीतलेही आणि मातीबाहेरचेही. बहिरू वर्गातला हुशार पोरगा. त्यानं दिवाळीच्या परीक्षेत निम्मा पेपर मुद्दाम कोरा सोडला. का? तर गुण कमी पडले म्हणजे जोड कच्ची मिळेल आणि वार्षिकला सहज लोळवता येईल. सावळ्या आणि बुधा जिवाभावाचे दोस्त, त्यांची जोड लागली. दोघांनी आधीच ठरवलं, सारखीच गणितं सोडवायची, सारखीच सोडायची, कुस्ती बरोबरीत. कुणाला फेटा नको, कुणाला फावडं नको. पंचांनी ठरवलं होतं ते गणितासाठी, आणि पोरांनी डोकं चालवलं ते गणित टाळायला.

इकडं जयाच्या घरी वेगळंच शिजत होतं. बावधनचं एक स्थळ आलं होतं. चांगलं घर, दोन विहिरी, मुलगा एकुलता एक. फाल्गुनात पाव्हणे येऊन बसले. मी चहाच्या कपबश्या द्यायला सगुणाकाकूंच्या हाताखाली होते, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलं. जया दारात उभी राहून म्हणाली, "मला मॅट्रिक व्हायचंय."

पाव्हण्यांच्या हातातल्या बश्या हातातच राहिल्या. हैबतराव रागावले नाहीत. हसून म्हणाले, "अगं, तुला जोड न्हाई, बक्षीस न्हाई, कुनासंगं लढायचं न्हाई. मग शाळा कशापायी? ज्येला जोड मिळत न्हाई, त्येनं आखाड्यात बसून काय करायचं?"

"आन जोड मिळाली तर?"

"मिळव की!" त्यांनी पाव्हण्यांकडं बघून डोळा घातला. "जत्रंत मिळव. मिळाली तर अजून वरीसभर शाळा. आन जिंकलीस तर मॅट्रिकपातुर. न्हाई मिळाली तर वैशाखात लगीन. झालं का समाधान?"

पाव्हणे हसले, हैबतराव हसले. जया नाही हसली. थट्टेत का होईना, पंचानं चार माणसांत शब्द दिला होता, आणि तिनं तो पदरात बांधून ठेवला.

चैत्रातली जत्रा आली. आखाड्याच्या जवळ बायकांनी जायचं नाही, म्हणून आम्ही देवळामागच्या उतारावर. खाली लाल माती, भोवती माणसंच माणसं, हलगी कडकडत होती. खऱ्या कुस्त्या निम्म्या झाल्या आणि मग मास्तरांनी शाळेचा निकाल वाचला. बहिरू जिंकला, त्याला फेटा बांधला. सावळ्या-बुधा बरोबरीत. सगळ्यांत जास्त गुण मिळवून जिंकला तो धाकलू, डोंगरावरच्या वाडीतला. अनवाणी, रोज दोन डोंगर उतरून शाळेत येणारा. आखाड्यात जात विचारत नाहीत असं आमच्याकडं म्हणायचे. म्हणायचेच! बहिरूला फेटा डोक्यावर बांधला, धाकलूच्या फेट्याची नुसती घडी हातात दिली. तेव्हाही माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि आताही होतोय.

आमचे दोघींचे गुण वाचले नाहीत. ते वाचायचेच नव्हते. मला माहीत होतं, जयाला धाकलूपेक्षा फक्त एक कमी होता.

पुढं खुल्या कुस्त्या सुरू झाल्या. ज्याला जोड ठरलेली नसते तो पैलवान हात वर करून आखाड्याभोवती फेरी मारतो. त्याच्याशी लढायची कुणाची तयारी असेल तो उठतो, चिमूटभर माती त्याच्या हातावर देतो. जोड लागली. तीन फेऱ्यांत कुणी उठलं नाही तर पैलवानानं गुमान जाऊन बसायचं. जया उठली आणि परकर सावरत उतार उतरायला लागली.

मी तिचा हात धरला. "जया, खुळी झालीस का?"

"सोड. ह्योच हात वर करायचाय."

गर्दीनं तिला वाट दिली. नवस फेडायला आली असेल असं लोकांना वाटलं. मातीच्या कडेकडेनं, मातीवर पाय न ठेवता, ती उजवा हात वर करून चालायला लागली. हलगी थांबली. कुणाला काही कळेना. मग ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मला जोड पायजे. गणिताची. हाय का कुनी नववीतला?"

असा हशा उठला की डोंगरावरून परत आला. हैबतरावांचं तोंड लाल झालं, पण शब्द त्यांचाच होता, आणि बावधनचे पाव्हणे शेजारीच बसले होते. पहिली फेरी झाली. कुणी उठलं नाही. दुसरी झाली. बहिरू नवा फेटा सांभाळत पायाच्या अंगठ्याकडं बघत बसला. पोरीला हरवलं तर काय शोभा, आणि पोरीकडून हरलं तर तोंड कुठं लपवायचं? सगळ्यांचं तेच. तिसऱ्या फेरीला तिचा वर केलेला हात खाली यायला लागला. दुखत असणार. तिनं तो डाव्या हातानं कोपराशी धरला आणि चालत राहिली. मी उतारावर उभी राहून रडत होते, रागानं. वाटत होतं, एकेका पोराला कानाला धरून उभं करावं.

फेरी संपायला आली आणि पलीकडच्या टोकाला धाकलू उठला. फेट्याची घडी त्यानं खाली ठेवली, चिमूटभर माती घेतली, तिच्या हातावर दिली. "मी देतो जोड," म्हणाला. "पन आदीच सांगतो, मी ढिला पडायचो न्हाई."

"पडून तर बघ," जया म्हणाली, "दात घशात घालीन."

घरी गेल्यावर हैबतरावांनी आदळआपट केली. सगुणाकाकू जन्मात नवऱ्यासमोर उलट बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी भाकरी थापता थापता एवढंच म्हणाल्या, "शब्द दिला तर पाळा. न्हाईतर उद्या आखाड्यात तुमचं कोन ऐकंल?" वस्तादाला ते बरोबर लागलं. वर्षभर शाळा मिळाली.

आणि दहावीचं ते वर्ष! एक गंमत सांगते. हरलेल्या पोरांना तालमीची माती खणायची शिक्षा होती ना? पोरं तर खूश! ज्यांच्या आया त्यांना तालमीत जाऊ देत नव्हत्या, त्यांना आता शिक्षा म्हणून जायला मिळालं. माती खणायची, त्यात ताक आणि हळद कालवायची, घाम निघाला की वस्ताद स्वतः पाठीवर थाप मारणार, वर लोटाभर दूध. मग कोण मरायला गणित करतंय! पाऊस लागला तरी ती तालमीतनं बाहेर येईनात. आणि जिंकलेल्यांची तऱ्हा दुसरी. बहिरूनं फेटा खुंटीला टांगला आणि पुस्तकही त्याच्याबरोबर टांगलं. "आमी जिंकलो की," म्हणायचा. बक्षीसवाले बसले, शिक्षावाले रमले, आणि गणित होतं तिथंच राहिलं. मास्तर रोज जास्त गप्प होत चालले होते.

अभ्यास करत होती ती दोघंच. पण एकत्र बसून वगैरे नाही हो. सरळ वैर! मास्तरांनी फळ्यावर गणित घातलं की दोघांच्या पेन्सिली सुटायच्या, आणि ज्याचं आधी व्हायचं तो पाटी बाकावर आपटायचा, दुसऱ्याला ऐकू जावी म्हणून. आवणीच्या दिवसांत जया चिखलात कमरेत वाकून रोपं लावायची आणि तोंडानं वर्गांचे पाढे म्हणायची. धाकलू म्हणे डोंगर चढता चढता व्याजाची गणितं करायचा. एकदा तिनं मला विचारलं, "चंद्रे, त्यो आजारी-बिजारी पडत न्हाई का गं?" मी म्हटलं, देवाला नवस बोल. तर चिडली. "आजारी पडलेल्याला हरवून मी काय करू?"

मग पुढची जत्रा. मास्तर निकाल वाचायला उभे राहिले. पहिली जोड बरोबरीत. दुसरी बरोबरीत. तिसरीही बरोबरीत. सावळ्या-बुधाचा डाव आता साऱ्या वर्गानं उचलला होता. गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या. शेवटी मास्तरांनी वाचलं, "जया हैबतराव आणि धाकलू. समान गुण."

"नुरा कुस्ती!" कुणीतरी ओरडलं. "समदी मिळालेली हायेत!"

हैबतराव उठले. सारं आयुष्य आखाड्यात गेलेलं, ठरवून केलेली कुस्ती म्हणजे त्यांना शिवी. "माझ्या आखाड्यात हे असलं?" असं ओरडले की हलगीवाला दोन पावलं मागं सरला. "आन माझ्या पोरीनं बी?"

मला कुणी असं म्हणालं असतं तर मी तिथंच बसकण मारली असती. जया पुन्हा उतार उतरली, या वेळी पळत. मातीच्या कडेला उभी राहून बापाच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "आबा, मला काय बी म्हना, लबाड म्हनू नका. लढवा हितंच. आत्ता, समद्यांम्होरं."

"व्हय, हितंच," धाकलू गर्दीतून पुढं आला.

शाळेतून दोन पाट्या आल्या. आखाड्याच्या दोन टोकांना दोघं एकमेकांकडं पाठ करून बसली. मास्तर मध्ये उभे राहून तोंडी गणित घालायचे, दोघं लिहायची, मास्तर दोन्ही पाट्या उंच धरून उत्तर वाचायचे. पहिलं, दोघांचं बरोबर. दुसरं, दोघांचं बरोबर. लोक आधी आपसांत बोलत होते, टिंगल करत होते. तिसऱ्या-चौथ्या गणितानंतर बोलणं थांबलं. पाण्याच्या हौदाचं, मजुरांचं, दोन गाड्यांचं, सरळव्याजाचं, चक्रवाढीचं. ज्यांना स्वतःची सही येत नव्हती ती माणसं टाचा उंचावून पाट्यांकडं बघत होती. हलगीवाल्याला राहवेना, तो प्रत्येक उत्तराला एक ठोका द्यायला लागला. मास्तरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि माणूस हसत होता. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी हात जोडले. म्हणाले, "दहावीचं पुस्तक संपलं. माझ्याजवळ आता विचारायला काही नाही."

सगळे हैबतरावांकडं बघायला लागले. त्यांनी दोन्ही पाट्या मागून घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या. मग म्हणाले, "कुस्तीत एकाची तरी पाठ लागाया पायजे. हितं कुनाचीच लागंना." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, मी नाही म्हणत नाही. पण लगेच पंच जागा झाला. "लबाडी न्हाई, हे मान्य. पन जया, मी म्हनलो व्हतो, जिंकलीस तर मॅट्रिक. तू जिंकली न्हाईस."

माझ्या हातात धोंडा असता ना, तर मी कुणाचा बाप बघितला नसता!

जया मात्र शांत होती. म्हणाली, "न्हाई जिंकले. पन हरले बी न्हाई. बरोबरीत सुटल्याली कुस्ती पुढल्या जत्रंला पुन्ना लावायची, आन तवर दोगांनी तालीम सोडायची न्हाई. ह्यो नियम कुनी घातलाय आबा?"

मग दुसरे पंच, म्हातारे गेणबा, मांडीवर थाप मारून हसायलाच लागले. "हैबतराव, नियम तुमचाच! दोन सालामागं तुमीच घातला की!" आणि मग गर्दीनं एकच कल्ला केला. व्हय व्हय, नियमच हाय, पुढल्या जत्रंला!

"तवर माझी तालीम शाळेत," जया म्हणाली. "हरत न्हाई तवर मी शाळंत जानार."

हैबतराव पोरीकडं बघत राहिले. डावात अडकलेला पैलवान जसा सुटायची वाट शोधतो ना, तसं त्यांचं चाललं होतं. वाट नव्हती. स्वतःच्याच नियमाला नाही म्हणायचं तर पंचाच्या जागेवरून उठावं लागलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. याला कुणी मर्जी म्हणत असेल तर खुशाल म्हणा. मी नाही म्हणणार.

बावधनकर आणखी वर्षभर थांबले नाहीत. बरं झालं, पीडा गेली.

मास्तरांनी त्यानंतर बाकीच्या सगळ्या जोड्या मोडल्या. बैठकीला न विचारता, आपल्या अंगावर घेऊन. निरगुडीचा फोकही परत आणला नाही. एकेकाशेजारी मांडी घालून बसायचे आणि विचारायचे, "तुझं कुठं अडतंय ते दाखव." बुधाचं अपूर्णांकात अडत होतं, पाचवीपासून. सहा वर्षं मार खाल्ला, फेट्याची आशा दाखवली, फावडं हातात दिलं, पण हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. माझंही अडत होतं पुष्कळ ठिकाणी. माझ्या बाबतीत मास्तरांना थोडा उशीरच झाला.

मॅट्रिकची परीक्षा पुण्यात झाली. निकाल जत्रेनंतर लागणार, म्हणून त्या वर्षी कुस्तीचा निवाडा आखाड्यात झाला नाही. हैबतराव विसरले असतील असं आम्हाला वाटलं होतं. कसले विसरतात! जून महिन्यात मास्तर पुण्याहून गुण घेऊन आले आणि थेट जयाच्या घरी गेले. त्यांच्या मागं मी, माझ्या मागं धाकलू, त्याच्या मागं निम्मं गाव.

हैबतराव ओसरीवर बसले होते. जया उंबऱ्यापाशी सुपात तांदूळ निवडत होती. मास्तर तोंड उघडायच्या आत हैबतरावांनी विचारलं, "गणितात जास्त कुनाला?"

मास्तर घुटमळले. त्यांनी जयाकडं बघितलं. मग म्हणाले, "धाकलूला. चार गुणांनी."

हैबतरावांनी दंडावर असा शड्डू ठोकला की ओसरीवरच्या कोंबड्या उडाल्या. "हरली! समद्यांनी ऐकलं? पोरगी हरली! आता तर शाळा बंद का न्हाई?"

धाकलूनं मान खाली घातली. मी गणितात बुडाले होते, ते मास्तरांनी मला वाटेतच सांगितलं होतं. पण त्याचं मला काही वाटत नव्हतं, मी जयाच्या तोंडाकडं बघत होते.

तिनं सूप बाजूला ठेवलं. हाताला लागलेला कोंडा झटकला, उठून उभी राहिली, आणि आधी धाकलूला म्हणाली, "ढिला पडला न्हाईस. शाब्बास रं."

मग बापाकडं वळली. "हरले आबा. पाठ टेकली माझी, एकदम चितपट. शाळा बंद." आणि मास्तरांना विचारलं, "मास्तर, मी पास हाय ना?"

"दुसऱ्या वर्गात," मास्तर म्हणाले.

"म्हंजी मॅट्रिक झाले." हैबतरावांचा शड्डू ठोकलेला हात अजून दंडावरच होता. जया त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "शाळा काय तुमी बंद करताय, ती संपली. सोमवारी नर्सिंगचं नाव घालायला पुण्याला जायचंय. तुमी संगं येताय, का मी एकलीच जाऊ?"